पिवळ्या कागदातला साबण

दारावरची बेल वाजली तेव्हा लेखिकेच्या डोळ्यांवर मोठा बंद चष्मा होता, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे होते आणि पातेल्यातलं तेल नि सोडा नुकतेच एकजीव व्हायला लागले होते. अशा वेळी हात थांबवून चालत नाही. कादंबरी बिचारी वर्षभर वाट बघते, साबण क्षणभर बघत नाही.

"दार उघडंच आहे!" ती आतूनच ओरडली. "पण पाय पुसून या, आणि कशालाही हात लावू नका!"

आत आला तो नळवाला. खांद्याला अवजारांची पिशवी, केसांवर पावसाचे चार थेंब, आणि चेहऱ्यावर चोराच्या मागावर आल्याचा भाव.

"खालच्या काकूंच्या सिंकमधून फेस येतोय," तो म्हणाला. "फेसाचा माग काढत वर आलो."

"कसला फेस?"

त्यानं मान वर करून लांब श्वास घेतला. "संत्र्याचा. हाच... खाली पण हाच वास आहे. आजवर किती तुंबलेले पाईप उघडले त्याला गणती नाही, बाई, पण इतका सुवासिक पहिलाच."

त्या बंद चष्म्याच्या आत लेखिकेला हसू आलं. बाहेर ते दिसणार नाही, असं तिला वाटलं. त्याला मात्र दिसलं असावं, कारण तोही हसला आणि लगबगीनं सिंकखाली शिरला.

आता ही लेखिका साबण का करत होती, ते सांगायला हवं. तिनं विमा कंपनीतली बरी नोकरी सोडली ती लिहिण्यासाठी. लिहिणं पोटाला पुरेना, म्हणून साबण. त्याआधी मेणबत्त्या करून झाल्या होत्या, कापडी पिशव्या शिवून झाल्या होत्या. मेणबत्त्या वाकल्या, पिशव्या उसवल्या. साबणानं मात्र हात दिला. तिची थोरली बहीण, ताई, दर शनिवारी मैदानावरच्या बाजारात तो विकायची. ताईची जीभ अशी की पाण्यालासुद्धा साबण विकेल.

लेखिकेची लिहिण्याची एक रीत होती. पहिला खर्डा पिवळ्या कागदावर, हातानं. भरपूर खोडाखोड करून. मग पक्का मजकूर पांढऱ्या कागदावर. पांढऱ्यावर उतरलं की पिवळं रद्दी. आणि ही रद्दी वाया जात नसे, तिच्यात साबण गुंडाळले जात. आत तेलकागद, बाहेर पिवळं पान, वरून सुतळीची गाठ. गिऱ्हाइकांना ते फार आवडायचं. गाठीत एक चिठोरा खोचलेला असे, त्यावर 'लेखिकेची खबर'. ही ताईची अक्कल. तिचं म्हणणं, लोकांना साबणापेक्षा दुसऱ्याचं रडगाणं जास्त आवडतं. म्हणून खबर अशी असायची: 'कादंबरी परत आली. संपादक म्हणतात, पुढच्या लिखाणाला शुभेच्छा. कडुनिंबाचा नवा साबण मात्र सगळ्यांनी ठेवून घेतला.'

तर नळवाला सिंकखाली. बाहेर फक्त त्याचे गुडघ्यापासूनचे पाय.

"भांडी धुताना हे सगळं तेल पाईपात जातंय," त्याचा आवाज पोकळ येत होता. "आत जाऊन थिजतंय. आधी कागदानं पुसून घेत जा. कागद आहे का काही? मला पण द्या, इथे चिकटा बसलाय."

"कागदाला काय तोटा!" असं म्हणून तिनं मोज्यातल्या हातानं पिवळ्या पानांचा एक गठ्ठा खाली सरकवला.

खालचा खडखडाट थोडा वेळ चालला. मग थांबला. विजेरीचा उजेड तेवढा हलत राहिला.

"फार तुंबलाय का हो?"

"अं?... नाही."

"मग?"

"पाईप मगाशीच मोकळा झाला," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "ही बस चालवणारी बाई आहे ना... घाटात धुकं येतं, आणि तो माणूस पुढे येऊन काच पुसायला लागतो... पान संपलं. पुढे काय झालं?"

लेखिकेचा हात पातेल्यावरच राहिला. तीन कादंबऱ्या लिहिल्या तिनं. 'कळवतो' म्हणणारे भेटले, 'भाषा छान आहे' म्हणणारे भेटले. पण पुढे काय झालं, हे आजवर कोणीही विचारलं नव्हतं.

आणि हो, तो घाणा बिघडला. तो साबण शेवटपर्यंत घट्ट म्हणून झाला नाही.

*

त्यानंतर नळवाला अधूनमधून येऊ लागला. पाईप तपासायला.

"तेलाचं काम आहे, नजर ठेवावी लागते," असं म्हणत तो सिंकखाली डोकावल्यासारखं करायचा, आणि निघताना एखादा साबण विकत घ्यायचा. खबर मोठ्यानं वाचायचा. वाचताना नको तिथे थांबायचा, नको तिथे जोर द्यायचा, की लेखिकेला स्वतःच्याच फजितीवर पोट धरून हसू यायचं. मग पिवळं पान उलगडून तिथेच उभ्या उभ्या वाचायचा.

"हे नाही पटलं," एकदा तो म्हणाला.

"काय नाही पटलं?"

"हा माणूस इथे म्हणतो, 'तुमच्या डोळ्यांत मला क्षितिजाची व्याकूळता दिसते.' बसमध्ये? मागे लोक उभे असताना?"

"मग तुम्ही काय म्हणाला असता?"

नळवाल्यानं कान खाजवला. "मी... मी म्हणालो असतो, 'बाई, पुढे वळण आहे.'"

"आणि तेवढ्यानं तिला कळलं असतं?"

"कळायचं असेल तिला तर कळतं," तो म्हणाला, आणि कारण नसताना नळ उघडून बंद केला.

लेखिकेनं ते वाक्य खोडलं. त्याच्यासमोर नाही, तो गेल्यावर.

ताई हे सगळं बघत होती. ताईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

"चिमणे," एक दिवस साबण गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "पाईप धडधाकट, सिंक धडधाकट, आणि तरी नळवाल्याच्या फेऱ्या चालूच. काय म्हणायचं याला?"

"चांगली सेवा म्हणायचं."

"हो का? माझ्या घरचा नळ चार महिने गळतोय. तुझ्या भाऊजींनी तीनदा फोन केला. तिकडे नाही आली ती चांगली सेवा!"

"ताई, सुतळी दे."

"देते. तोंड बघ आरशात, मग देते."

अशातच एक दिवस मोठी खबर आली. एका प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन. आवाज असा, की ऐकणाऱ्यानं उभं राहून ऐकावं.

"तुमची बसची कादंबरी आम्ही घेतोय," त्या म्हणाल्या. "शेवट सोडून."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवट मला मान्य नाही. तुमची नायिका अख्खं पुस्तकभर घाट चढते-उतरते. ब्रेक निकामी झाला तरी डगमगत नाही. आणि शेवटी दोन वाक्यं बोलायची वेळ आली, तर बदली मागून दुसऱ्या मार्गावर निघून जाते? घाबरट आहे का ती?"

"नाही... तसं नाही..."

"मग लिहा तसं. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारपर्यंत शेवटचं प्रकरण माझ्या टेबलावर हवं. प्रदर्शनाच्या आधी पुस्तक काढायचंय. नाही आलं तर तुमच्या जागी दुसरं पुस्तक जाईल, आणि मग पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

लेखिकेनं फोन ठेवला, ताईला मिठी मारली, आणि मग तिला भाऊजींना दिलेला शब्द आठवला. विमा कंपनीतली तिची खुर्ची अजून रिकामी होती. भाऊजी तिथेच कामाला. 'यंदा पुस्तक निघालं नाही, तर मुकाट्यानं परत ये,' असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता, काळजीपोटी बोलला होता. आणि तीही शब्दाची पक्की. पुस्तक नाही तर खुर्ची, हे ठरलेलं.

"खुर्चीत मी परत बसणार नाही," ती ताईला म्हणाली. "शेवट लिहिणार. लिहिणार म्हणजे लिहिणार."

त्या आठवड्यात नळवाला आला तो एक लोखंडी पेटी घेऊन. सिंकखाली बसवायची. तेल-चिकटा त्या पेटीत अडकणार, पाणी तेवढं पुढे जाणार.

"तुम्हाला आता लिहायला निवांतपणा हवा," तो म्हणाला. "सारखं कोण येणार पाईप बघायला. ही बसवली की झंझट संपली. महिन्यातून एकदा तुम्हीच झाकण उघडून साफ करायची. सोपं आहे."

त्यानं ती बसवली. कामात कसर नाही ठेवली. झाकण कसं उघडायचं ते दाखवलं, दोनदा. मग पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिला.

"मग... येतो."

"या," लेखिका म्हणाली.

आणि तो आलाच नाही. कशाला येणार? पेटी उत्तम चालत होती.

*

शेवट सुचत नव्हता. वेळ थोडा, म्हणून पिवळा खर्डा टाळून ती दिवसामागून दिवस थेट पांढऱ्या कागदांची नासाडी करत होती. तिची नायिका बस थांबवायला काही तयार होईना. आणि अगदी शेवटच्या शुक्रवारी, सकाळी दात घासताना, सगळं प्रकरण एकदम समोर उभं राहिलं. तशीच धावत ती टेबलाशी आली, तर पांढरा कागद संपलेला! बाहेर पाऊस, दुकानं उघडायला वेळ. सुचलेलं कुठे थांबतंय? समोर पिवळा कागद होता. तिनं तो ओढला आणि एका बैठकीत, एकही शब्द न खोडता, सगळं प्रकरण लिहून काढलं. फळीवर ठेवलं, आणि हलक्या मनानं आधीच्या प्रकरणांच्या दुरुस्त्या संगणकावर चढवायला घेतल्या. आतल्या खोलीचं दार लावून, कानात कापूस घालून, ती शनिवार संध्याकाळपर्यंत त्यातच बुडालेली होती.

संध्याकाळी शेवटचं प्रकरण घ्यायला उठली. फळी रिकामी होती.

तेवढ्यात ताई रिकाम्या टोपल्या घेऊन आली. चेहरा फुललेला.

"चिमणे, आज माल उडाला! अगं, सुट्टीवर आलेल्या लोकांची झुंबड होती. एक साबण शिल्लक नाही!"

"ताई... साबण कशात गुंडाळलेस?"

"कशात म्हणजे? फळीवर होते ना पिवळे..." ताईची टोपली हातातच राहिली. "अगं पण... पिवळं म्हणजे रद्दी. नियम तुझाच."

नियम तिचाच होता. मोडलाही तिनंच. ताईला बोल लावायला जागाच नव्हती. ताईच मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडायला लागली. लेखिकेनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि स्वतः मात्र टिपूस काढलं नाही.

"रडून पानं परत येणार नाहीत. कोणी कोणी घेतले ते आठव. एकेक चेहरा आठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छत्री घेऊन जिना उतरायला निघाली, तर दारात नळवाला. नवा धुतलेला शर्ट, आणि हातात एक पिवळं पान, घडी न घालता जपून धरलेलं.

"काल मी बाजारातून एक साबण घेतला," तो घाईघाईनं म्हणाला. "कामासाठी नाही आलो. म्हणजे... या पानावर एकही खाडाखोड नाही. तुमचं पान आणि खाडाखोड नाही? मला काही ठीक वाटेना. चुकून तर नाही ना आलं?"

लेखिकेनं ते पान घेतलं. प्रकरणाचं पाचवं पान. तिनं छत्री भिंतीला टेकवली आणि ते छातीशी धरलं.

"बाकीची पण गेली आहेत," शेवटी ती म्हणाली. "गावभर. उद्या दुपारपर्यंत हवीत."

"मग उभ्या काय राहिलात? स्कूटर खाली आहे," तो म्हणाला. "या गावात असं घर नाही जिथली मोरी मी बघितली नाही."

*

तो रविवार लेखिका जन्मात विसरणार नाही. पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हता. भुरभुर होती, गालाला लागायची आणि विरून जायची. स्कूटरवर मागे बसून ती ताईनं सांगितलेली माणसं घोकत होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई पहिल्या. त्यांनी साबण उघडला होता, पण पान मांजरीनं बळकावलं होतं. मांजर त्यावर अंग मुडपून झोपलेली. डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या, "तिला उठवायचं नाही." मग नळवाल्यानं गुडघ्यांवर बसून मांजरीशी काय हितगुज केलं कोण जाणे, ती आळस देऊन उठली आणि त्याच्या मांडीवर गेली.

"काय सांगितलंत तिला?" जिना उतरताना लेखिकेनं विचारलं.

"म्हटलं, बाई, पुढे वळण आहे."

निवृत्त मुख्याध्यापकांनी पान इस्त्री करून ठेवलं होतं. द्यायला तयार होईनात. "आधी मला सांगा, ती बस थांबवते की नाही?" "थांबवते, सर." "नक्की?" "नक्की." तेव्हा कुठे पान हाती आलं.

सगळ्यात मोठा मासा म्हणजे टेकडीवरचं हॉटेल. मालकानं पाहुण्यांच्या खोल्यांसाठी ढीगभर साबण उचलले होते. नळवाल्याला तिथे कोणी अडवत नव्हतं. तो दार वाजवायचा, "नमस्कार, साबणाचा कागद तपासायचाय," असं इतक्या गंभीरपणे म्हणायचा, की लोक निमूट कागद काढून द्यायचे. एका खोलीत पाहुणे अंघोळीला गेलेले. स्नानघराचं दार बोटभर उघडलं, फेसानं माखलेला एक हात बाहेर आला, त्यात पिवळं पान.

"काही दोष आहे का साबणात?" आतून घाबरा आवाज.

"साबण उत्तम आहे!" लेखिका म्हणाली. "शेवट राहिलाय फक्त!"

दोघंही हसत हसत जिन्यावरच बसली. त्याच्या शर्टाची बाही तिच्या हाताला लागली होती. दोघांपैकी कोणी हात मागे घेतला नाही.

दुपार कलली तोवर एक सोडून सगळी पानं मिळाली. शेवटचंच पान नव्हतं. ताईच्या हिशेबानं, ते बसनं परगावी निघालेल्या एका प्रवासी बाईबरोबर गेलं होतं. कोण, कुठली, काही पत्ता नाही.

परत येताना पाऊस वाढला. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली नळवाल्यानं स्कूटर उभी केली. पत्र्यावर थेंब ताशासारखे वाजत होते. लेखिकेनं पानांची पिशवी पोटाशी धरली होती. 

"ती पेटी," तो एकदम म्हणाला. "ती बसवली ना मी... चूकच झाली."

"का? उत्तम चालते आहे."

"तेच ना." तो समोरच्या पावसाकडे बघत होता. कानाची पाळी लाल झाली होती. "उत्तम चालते आहे."

लेखिकेला कळलं. न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. छातीत असं काही धडधडलं की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना. बोलायचं होतं... जिभेवर आलंही होतं.

"उशीर होतोय," ती म्हणाली. "जाऊ या?"

"हो... जाऊ या," तो म्हणाला, आणि स्कूटरला किक मारली.

*

घरी येऊन तिनं चहासुद्धा घेतला नाही. टेबलाशी बसली. शेवटच्या पानावर काय होतं ते तिला आठवत होतं. नायिका बस थांबवते आणि एक लांबलचक भाषण करते. वाट, वळणं, धुकं, आयुष्य... सुंदर वाक्यं होती. तिनं ती आठवून आठवून पुन्हा लिहिली आणि वाचली. बरी होती. पण बसमध्ये? मागे लोक उभे असताना?

तिनं कागद चुरगळला.

संपादकबाईंचा आवाज कानात घुमत होता. घाबरट आहे का ती? दोन वाक्यं बोलायची वेळ आली... आणि मग लेखिकेला तो पत्रा आठवला, तो पाऊस आठवला, आणि स्वतःचं 'उशीर होतोय' आठवलं. ऐनवेळी बस न थांबवता पुढे नेली होती, ती कोणी? तीन वर्षं ती त्या नायिकेला घाबरट करत आली होती, कारण तिला दुसरं काही येतच नव्हतं.

तिनं बाह्या सरसावल्या. येताना विकत घेतलेला पांढरा कागद काढला.

त्या पानावर असं उतरलं: घाटातलं वळण. तो माणूस रस्त्याच्या कडेनं चालत निघालाय, कारण आज त्याची बस चुकली. तिथे बसचा थांबा नाही. कधीच नव्हता. मागे प्रवासी कुरकुरतात. ती ब्रेक दाबते, दार उघडते आणि म्हणते, "इथे बस थांबत नाही. तुमच्यासाठी थांबवली. चढा."

बस्स. एवढंच. पुढे एक शब्द नाही.

सोमवारी दुपारच्या आत प्रकरण संपादकबाईंच्या टेबलावर होतं. लेखिका समोर उभी. बाई शेवटचं पान वाचत होत्या. वाचून झालं तरी वाचत होत्या.

"हे शेवटचं पान कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग आधीची तीन वर्षं तुमच्या नावानं कोण लिहीत होतं?" बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जा. छापायला देते आहे. आणि तो संत्र्याचा साबण पाठवा हो एखादा. आमच्या शिपायाकडे बघितला, मला कोणी विचारलं नाही."

लेखिका रस्त्यावर आली. ऊन पडलं होतं, रस्ता अजून ओला होता. कोणालाही खबर सांगण्याआधी, ताईलासुद्धा सांगण्याआधी, तिनं एक फोन लावला.

"हॅलो?" पलीकडे पाण्याचा आवाज. तो कुठल्याशा सिंकखाली असावा.

"मी बोलतेय. पाईप ठणठणीत आहे," ती म्हणाली. "पेटी उत्तम चालते आहे. काकूंकडे फेस नाही. काही गळत नाही, काही तुंबलेलं नाही."

"बरं..." त्याचा आवाज पडला.

"तरी या."

पलीकडे पाना खाली पडल्याचा मोठा आवाज झाला. मग कोणीतरी 'अहो, लागलं का?' असं विचारलं. मग तो.

"अवजारं... अवजारं आणू?"

"नको."

*

तो आला तेव्हा तिनं दार आधीच उघडून ठेवलं होतं. आज तिच्या डोळ्यांवर तो मोठा चष्मा नव्हता आणि हातांत मोजे नव्हते. त्याला पिशवीशिवाय खांदा कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. हातात एक पिवळं पान होतं, कडेला किंचित ओलं.

"खाली काकूंनी अडवलं," तो म्हणाला. "त्या आज सकाळीच लेकीकडून आल्या. परवा त्या निघताना ताईंनी त्यांना एक साबण नुसताच दिला होता, भेट म्हणून. विकलेला नव्हता ना, म्हणून ताईंच्या लक्षात राहिलं नाही. हे... हे शेवटचं पान."

त्यानं ते तिच्यापुढे धरलं. आता त्याला ते वाचायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण वाचलं नव्हतं, हेही दिसत होतं.

लेखिकेनं पान घेतलं. उलगडलं नाही. फळीवरून एक संत्र्याचा साबण काढला, त्या पानात गुंडाळला, सुतळीची घट्ट गाठ मारली आणि त्याच्या हातावर ठेवला.

"अहो, पण..."

"पिवळं म्हणजे रद्दी. नियम माझाच आहे."

"मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

"थांबली ती," लेखिका म्हणाली. "जिथे थांबा नव्हता तिथे थांबली. मलाही थांबायचं होतं, काल, त्या पत्र्याखाली. तुम्ही पेटीबद्दल बोललात आणि मला सगळं ऐकू आलं. मी घाबरले. आता नाही घाबरत." तिनं श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता. पेटीच्या आधीपासून. पाईपच्या फेऱ्या खोट्या होत्या तेव्हापासून."

 नळवाला साबण दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला. डोळे मात्र असे हसत होते की खोलीत उजेड वाढल्यासारखं वाटावं.

"सगळ्या खोट्या नव्हत्या," शेवटी तो म्हणाला. "पहिली खरी होती." मग जरा घुटमळून, "मग... ती पेटी आता काढून टाकू का?"

"खबरदार! काकू वर येतील."

जिन्यावर ताईची पावलं वाजली. ती अर्ध्या जिन्यातूनच ओरडत होती, "चिमणे! काय झालं गं? घेतलं का त्यांनी? खबर काय लिहू?"

लेखिकेनं नळवाल्याकडे बघितलं. नळवाल्यानं लेखिकेकडे.

"लिही," ती दारातूनच म्हणाली, आणि त्याचा हात साबणासकट आपल्या हातात घेतला. "कादंबरी छापायला गेली, शेवटासकट. आणि भाऊजींना सांग, खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं."

"आणि माझा नळ?" ताई दारात येऊन पोचली. तिनं हात बघितले, साबण बघितला, दोघांची तोंडं बघितली, आणि कपाळाला हात लावला. "पाच महिने झाले गळतोय तो!"

"उद्या येतो, ताई," नळवाला म्हणाला. "आज मी सुट्टीवर आहे."